मागच्या खोलीतला आकडा

वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या कूलरला एक वास असतो. कोरडा गाळ, गंजलेला पत्रा आणि जाळीत कडक झालेलं लाकडी तंतूंचं जुनं वुडवूल यांचा. परवा नागपूरच्या घराचं कुलूप काढलं तेव्हा आधी तो वास आला आणि मग तापलेल्या भिंती. एप्रिल संपत आलाय. घर भाड्याने द्यायचं ठरलंय, म्हणून चार दिवसांची रजा काढून पुण्याहून आलेय. नळ, दिवे, रंग आणि भाडेकरू एवढं उरकायचं आहे. आठवणी काढायला वेळ ठेवलेला नव्हता.

पण नागपुरात या दिवसांत दुपारी बारा ते पाच कोणी काही उरकू शकत नाही. प्लंबर सकाळी येतो, नाहीतर संध्याकाळी. मधले पाच तास आपण घरात. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी टाकी धुऊन भरली, नवं वुडवूल लावलं, मोटर सुरू केली. पहिली दहा मिनिटं कूलर गरमच हवा फेकतो. मग जाळ्या भिजतात आणि पहिली गार झुळूक तोंडावर येते, ओल्या लाकडाचा वास घेऊन. त्या वासाबरोबर तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आला. तो मी दोन खोल्यांत अडकून काढला. एक खोली चोवीस डिग्रीची होती आणि दुसरी चव्वेचाळीसची.

मी तेव्हा एका लहानशा कंपनीत होते. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी नाडी आणि ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर असतो, तो आम्ही बनवायचो. बाहेरचा डबा, वायरी, बटणं इतरांची. आतला कर्नल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांच्या खाली बसून यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, माझा. सोळा वर्षं माझा. त्यातला मेमरीचा भाग तर माझ्याखेरीज कोणी उघडूनही पाहत नसे, आणि याचा मला अभिमान होता. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. पंधरा जूनला रुजू व्हा. मी राजीनामा दिला आणि त्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. तालुक्याच्या गावांतले आमचे मॉनिटर आठ-नऊ दिवस चालत आणि मग पडदा गोठे. बंद करून चालू केला की पुन्हा आठ-नऊ दिवस.

कंपनीचे मालक, आमचे साहेब, ओरडणारे नव्हते. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली, चहा मागवला.

"मॅडम, तुम्हाला अडवणारा मी कोण? एवढा दोष काढा अन् जा. दुसऱ्या कोणाला ते कळते का, तुम्हीच सांगा."

कोणालाच कळत नव्हतं. ती व्यवस्था मीच केली होती.

दोष काय होता ते सांगायला थोडं आत शिरावं लागेल. यंत्रातल्या प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, सगळी मेमरी आपलीच आहे. ते खोटं असतं, आणि ते खोटं नीट सांभाळणं हे कर्नलचं काम. पडद्यामागे मेमरीचे तुकडे वेगवेगळ्या ऑब्जेक्टना, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यांना, जोडलेले असतात. पेशंटच्या जुन्या नोंदींचं एक, आलेखाचं एक. ज्याला ते लागतं तो त्याला धरतो आणि धरणाऱ्यांची मोजणी एकाने वाढते. काम झालं की तो सोडतो आणि मोजणी एकाने उतरते. शून्य झाली की कर्नल ते ऑब्जेक्ट मोडून जागा दुसऱ्याला देतो. शून्याच्या आधी कधीच नाही. धरणारा एखादा सोडायला विसरला की मोजणी एकावर अडते. मग ते ऑब्जेक्ट कोणी वापरत नाही आणि कोणाला मोडताही येत नाही. अशी हजारो साचली की मॉनिटरला पेशंटचा पुढचा ठोका ठेवायलासुद्धा जागा उरत नाही.

कोणीतरी सोडायला विसरत होतं. कोण, ते शोधल्याशिवाय मला कोणी सोडणार नव्हतं.

चाचणीची खोली ऑफिसच्या मधोमध. खिडकी नाही. रॅकवर बारा मॉनिटर, बाराही हिरवे, बाराही सुरळीत. एसी चोवीसवर, कारण मोजमापाची उपकरणं नाजूक. तो आकडा बदलायचा नाही असा नियमच होता. दोष यायला नऊ दिवस लागत, म्हणजे एकेक प्रयत्न नऊ दिवसांचा. मी स्वेटर घालून बसायचे. बाहेर गुलमोहर पेटलेला असायचा, तो मला सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला, तोंडाला दुपट्टा बांधून गाडीवरून जाताना दिसायचा. मधल्या वेळात कुठलाच ऋतू नाही. एसीची घरघर, बारा खोट्या पेशंटांचे खोटे ठोके आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा. पहिले नऊ दिवस गेले आणि काहीच बिघडलं नाही. यंत्र बिघडत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. ते पुसलं आणि दुसरी फेरी सुरू केली.

दुसऱ्या फेरीच्या सातव्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर बाराही पडदे काळे. सुमनबाई फरशी पुसत होती. ती कुहीकडची. पहिल्या बसने यायची आणि सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडायची.

"सुमनबाई, हे बंद कोणी केले?"

"मीनंच केले ना मॅडम. पाहायले कोणी नाई अन् हे आपले चालूच. साहेबच म्हणते, बटणं बंद करत जा म्हणून."

"अहो, सात दिवस सलग चालले होते ते!"

"मंग तर थकलेच असन बिचारे."

मी कागदावर 'हात लावू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं. सुमनबाई फडकं पिळून एसीखाली मिनिटभर उभी राहिली. रोजच राहायची.

"इथं तर मशीनले बी झोप लागन मॅडम. माह्या बहिणीले भरती केलं होतं, तिथं पंखा बी गरम हवा फेकून राहिला होता. तिथं नेऊन ठेवा याले, मंग समजते."

मी हसले आणि कागद चिकटवला.

एप्रिल असा गेला आणि मेचे तीन आठवडे असेच गेले.

घरी वेगळी अडकण होती. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात मी आणि सासूबाई. त्या भिवापूरच्या, वय चौऱ्याहत्तर, गुडघे सोडले तर ठणठणीत. आमचं भांडण असं कधी झालं नाही. एका नळावर पाणी भरणाऱ्या दोन समजूतदार बायकांसारखं आमचं चालायचं. तू आधी, नाही तुम्ही आधी. पुण्याच्या पत्राबद्दल मी त्यांना सांगितलं नव्हतं. काय सांगणार? या वयात पुण्याला चला? की इथे एकट्या राहा? दोन्ही वाक्यं मी गाडीवर दुपट्ट्याआड म्हणून पाहायचे. दोन्ही वाईट वाटायची. पुण्याहून फोन आला की बाल्कनीचं दार लावून घ्यायचे. तिकडच्या बाई विचारायच्या, "पंधरा नक्की ना?" मी म्हणायचे, "नक्की." आत सासूबाई कूलरसमोर पाय पसरून मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या असायच्या.

त्यांचा भाऊ दर उन्हाळ्यात भिवापुराहून मिरचीचं पोतं पाठवायचा. वर्षाचं तिखट त्यातून व्हायचं. दिवसा मिरच्या गच्चीवर, संध्याकाळी मागच्या खोलीत. मागची खोली पश्चिमेची. कूलरची हवा तिथे पोचत नाही. मेमध्ये त्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मिरच्यांचा खकाणा उशीच्या अभ्र्यात, टॉवेलात, चहाच्या कपात. शिंकत उठायचं आणि शिंकत झोपायचं. चिडून मी एकदा म्हटलं, "आई, तिखट बाजारात मिळतं." त्या म्हणाल्या, "मिळते ना. लाकडाचा भुसा बी मिळते." विषय संपला.

मेच्या शेवटच्या शनिवारी ऑफिसजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस वीज येणार नव्हती. मी एक मॉनिटर चादरीत गुंडाळला, गाडीवर पायाशी ठेवला आणि घरी आणला. मागच्या खोलीत, मिरच्यांच्या पोत्याशेजारी, स्टुलावर मांडला. पेशंटच्या जागी खोटे ठोके देणारी डबी जोडली. आतली मोकळी जागा किती उरली ते कळावं म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा उमटेल अशी सोय मी करून ठेवली होती.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "याचा पेशंट कोण हाय वं?"

"कोणी नाही. ठोके खोटे आहेत."

"खोट्याचे चांगले चालून राहिले. खऱ्याचे नाई चालत इतके."

त्या रविवारी दुपारी आकडा उतरू लागला. चाळीस दिवस बारा यंत्रांपुढे बसून जे दिसलं नव्हतं, ते माझ्या घरात, मिरच्यांच्या वासात, डोळ्यांसमोर चाललं होतं. का ते कळेना. घरची वीज? इन्व्हर्टर? सोमवारी ऑफिस उघडलं. प्रोग्राम उघडून वाचायचा तर तिथेच. बाहेर न्यायची परवानगी नव्हती. आणि यंत्राला तर हलवायची भीती वाटत होती. मी ते जागच्या जागी बंद करून चालू केलं, म्हणजे आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मग सासूबाईंना जुन्या कॅलेंडरचं पान दिलं, पेन दिलं आणि म्हटलं, "दर अर्ध्या तासाने हा आकडा इथे लिहाल? खोलीचं दार बंद ठेवा, बाकी काही करू नका."

"हा आकडा काय हाय ते तर सांग. उगीच लिहत बसू का?"

मी सांगितलं. ऑब्जेक्ट, धरणारे, मोजणी, शून्य. त्यांनी देठ खुडणं थांबवलं नाही.

"म्हणजे पंगतीसारखं. एक जण जेवायचा राहिला, तर आचारी चूल नाई विझवत."

"बरोबर."

"अन् तो राहिलेला तिकडं हात धुऊन घरी गेला, सांगून नाई गेला."

"अगदी बरोबर."

"मंग आचारी बसलाच हाय बिचारा, चुलीपुढं."

इतकी वर्षं नव्या लोकांना हे शिकवताना मी फळ्यावर बाण काढत आले होते.

दुपारी दोनला मी ऑफिसातून फोन केला. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले. दोन हजार एकशे चाळीस. दोन हजार शहाण्णव. दोन हजार एकतीस. एकोणीसशे पन्नास. मग एकोणीसशे अठ्ठेचाळीस. पुन्हा एकोणीसशे अठ्ठेचाळीस.

"थांबला?" मी उठूनच उभी राहिले. "आई, तुम्ही काय केलंत?"

"कुठं काय केलं?"

"यंत्राला हात लावला का?"

"हात कायले लावू? तापलं होतं वं, शिजूनच राहिलं होतं. म्हणून दार उघडलं अन् कूलर वळवला तिकडं. पाच मिनिटांसाठी म्हटलं, मंग विसरली."

मी फोन ठेवला. चाचणीच्या खोलीत होते, अंगात स्वेटर होता, आणि समोर मीच लिहिलेला 'हात लावू नये'चा कागद. त्याच्या शेजारी एसीखाली उभी राहून सुमनबाई काय म्हणाली होती ते शब्दन् शब्द आठवलं. उन्हाचा दोष आम्ही चोवीस डिग्रीत शोधत होतो. नागपुरात जन्म काढून.

पुढचं सोपं होतं आणि लाजिरवाणंही. जुन्या नोंदी एका छोट्या कार्डावरून वाचल्या जात, आणि ते कार्ड त्याच वर्षी बदलून स्वस्तातलं घातलेलं. कार्ड फार तापलं की पहिलं वाचन फसे आणि दुसरं साधे, म्हणून पडद्यावर कोणाला काही कळत नसे. मी कर्नलमधल्या त्या वाचनाच्या ओळींवर गेले. वाचन चालू असताना ऑब्जेक्ट मोडलं जाऊ नये, म्हणून तिथे ते एकदा जास्तीचं धरलेलं होतं. वाचन साधलं तर सोडलेलं. फसलं तर सोडायची ओळच नव्हती. दीड महिना मी मनातल्या मनात हा गुन्हा बाकीचे प्रोग्राम लिहून कंपनी सोडलेल्या दोन सहकाऱ्यांच्या नावावर घातला होता. त्या ओळीच्या बाजूला माझं नाव होतं, बारा वर्षांपूर्वीचं, आणि माझीच टीप: सुरक्षेसाठी धरून ठेवले आहे.

एक ओळ घातली. सोडण्याची.

पण साहेब म्हणाले, सिद्ध करून दाखवा, मग सही करतो. त्यांचंही बरोबर होतं. त्यासाठी ऊन हवं होतं आणि ऊन जायला निघालं होतं. जूनचा पहिला आठवडा. संध्याकाळी नैर्ऋत्येला ढग दिसू लागलेले. सगळं शहर पावसाकडे डोळे लावून बसलेलं आणि मी एकटी देवाला म्हणत होते, चार दिवस थांब. एकदा गारवा आला की दोष आपोआप झोपला असता. सुधारलेलं आणि बिघडलेलं यंत्र सारखंच दिसलं असतं, पुढच्या एप्रिलपर्यंत. साहेबांनी पुन्हा चहा मागवला असता.

सुधारलेला मॉनिटर मागच्या खोलीत लागला. सासूबाईंना पुन्हा तेच काम. तीन दिवस ढग येऊन जात राहिले, ऊन कमी-जास्त, काहीच ठरेना. चौथ्या दिवशी सकाळपासूनच आभाळ कोरडं होतं आणि अकरापासून रस्ता पांढरा दिसू लागला. त्या दिवशी मी मुद्दामच फोन केला नाही. पाच वाजता ऑफिसातून निघाले, घरी आले. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. कॅलेंडरचं पान फ्रिजच्या बगलेला चुंबकाने लावलेलं. जुने उतरते आकडे, खाली एक आडवी रेघ, रेघेखाली सकाळी दहापासूनचे नवे. दोन हजार एकशे चाळीस. दोन हजार एकशे चाळीस. दोन हजार एकशे चाळीस. पानाच्या तळापर्यंत तेच. सगळ्यात खाली, जागा पुरेना म्हणून बारीक केलेल्या अक्षरात:

'आकडा हालला नाई. दार बंदच ठेवलं होतं. आता तू पुण्याले जाय. मी भिवापूरले जातो.'

त्या केस पुसत बाहेर आल्या. मी त्या पानासमोरच उभी.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाल्कनीचं दार कुठं लागते नीट? दोन वर्षं झाले सांगून राहिली, सुतार बोलव म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काहून नाई बोलली?"

मी खुर्चीवर बसले. त्यांनी माठातलं पाणी आणून पुढे ठेवलं आणि स्वतःही बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"मले तर तो गेला तेव्हाच जायचं होतं," त्या म्हणाल्या. तो म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. "भाऊ दरवर्षी म्हणते, ये. तिथं मले बोलायले माणसं हायेत. इथं काय, तू सकाळी जाते, संध्याकाळी येते, अन् मी कूलरशी बोलतो. पण म्हटलं, आपण गेलो तर ही एकटी पडन."

"मी तुमच्यासाठी थांबले होते, आई."

"मी का धरून ठेवलं होतं तुले?"

दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसली, तर दोघांचीही मोजणी एकावर राहते. बाहेरचं कोणी त्यांना वापरत नसतं, पण कर्नलला वाटतं दोघांचीही गरज आहे. असा दोष शोधायला सगळ्यात अवघड, कारण प्रत्येकाने आपापल्या जागी नियम पाळलेला असतो. सहा वर्षं. मी त्यांना ते सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा पंगत काढली असती. मी म्हटलं, "तिखट कधी कांडायचं?" त्या म्हणाल्या, "उद्याच. मंग पाऊस येते."

साहेबांनी सही केली. चांगले वागले, निरोपाला नारळही दिला. सुमनबाईला मी सांगितलं की तिचं म्हणणं बरोबर होतं. ती म्हणाली, "कोणतं?"

बारा जूनला सकाळी सासूबाईंना भिवापूरच्या बसमध्ये बसवलं. त्यांनी खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "उभी नको राहू, तापशीन." बस सुटेपर्यंत त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही, शेजारच्या बाईशी बोलणं सुरू झालं होतं. मी घरी आले, कूलरची टाकी उपसली, मोटर काढून पुसून ठेवली, गॅस बंद केला, कुलूप लावलं.

काल दुपारी फ्रिज हलवायला घेतला. भाडेकरूंना त्यांचा स्वतःचा आणायचाय. बगलेला ते पान तसंच. वाफ आणि धूळ खाऊन पिवळं पडलेलं, मधले काही आकडे पुसट. शेवटची ओळ वाचता येते. मागच्या खोलीत गेले. मिरचीचं पोतं नाही, स्टूल नाही, पण कोपऱ्यात वाकले तर अजूनही शिंक येते. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला. लगेच काढला.

पान घडी करून पर्समध्ये टाकलं आणि भिवापूरला फोन लावला. दुपारचे तीन. त्या जाग्या होत्या. मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं, भांडी वाजत होती.

"आई, घर उघडलंय. तो आकड्यांचा कागद सापडला."

"कोणता वं?"

"मॉनिटरचा. तुम्ही लिहिलेला."

"हो हो. मंग? पुन्हा घटून राहिला का?"

"नाही. तेव्हाच थांबला होता ना."

"मंग काहून फोन केला?"